आठ खोल्या की ३० वर्षांचा भाडेपट्टा?

प्रश्न : एका विकसनशील देशातील डोंगराळ भागात राहणाऱ्या ४१ वर्षांच्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. तलावाकाठची वडिलोपार्जित जमीन त्यांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या नावावर आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत या तलावाची छायाचित्रे मोबाइलवरून सर्वदूर पोहोचली आणि सुटीच्या दिवशी तेथे वाहनांच्या रांगा लागू लागल्या. आता एका मोठ्या हॉटेल कंपनीने ती जमीन ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितली असून भावाला हा प्रस्ताव पसंत आहे. शिक्षिकेच्या मनात मात्र नोकरी सोडून, जमीन तारण ठेवून, बँकेचे कर्ज काढून स्वतःच आठ खोल्यांचे पर्यटक निवास बांधावे असे आहे. त्या लिहितात, "पर्यटक तर दरवर्षी वाढतच आहेत. अडचण सरकारची आहे. रस्ता नाही, वीज टिकत नाही, कचरा कोणी उचलत नाही, जाहिरात तर नाहीच. एवढे झाले की आमच्यासारख्या गरीब देशाचे नशीब पर्यटनच पालटेल. भाऊ म्हणतो, असल्या ठिकाणी मोठी कंपनीच टिकाव धरू शकते, आपले ते काम नाही. मी चुकते आहे का?" पत्रासोबत त्यांनी नियोजित निवासाच्या उत्पन्नाचा दोन पानी हिशेबही पाठवला आहे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राआधी मी तुमचा हिशेब वाचला, आणि तोही दोनदा. तो नीटनेटका आहे. वह्या तपासण्याची सवय असलेल्या हाताचा आहे हे लगेच कळते. त्यात तुम्ही वर्षातील २४० रात्री आठही खोल्या भरलेल्या धरल्या आहेत. म्हणजे एका खोलीचे एका रात्रीचे भाडे १,९२० वेळा. आठ खोल्या वर्षभर एकही दिवस रिकामी न राहता चालल्या तरी हा आकडा २,९२० च्या पुढे जात नाही. तेव्हा तुम्ही जवळजवळ ६६ टक्के खोल्या भरतील असे गृहीत धरले आहे. नव्या, लहान आणि धड रस्ता नसलेल्या ठिकाणच्या निवासासाठी हा अंदाज फारच उदार आहे. खरी गर्दी जेमतेम तीन महिने असते, हे पत्रात तुम्हीच लिहिले आहे. तेच खरे मानून चालू. हंगामाच्या ९० दिवसांत ८० टक्के खोल्या भरल्या आणि उरलेल्या २७५ दिवसांत सरासरी १५ टक्के भरल्या, तर वर्षाला असे भाडे ९०६ वेळाच हाती येते, म्हणजे तुमच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने तेवढाच येतो.

दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीने "ऑफ सीझन?" असे लिहिले आहे आणि त्यापुढे जागा कोरी सोडली आहे. माझे पुढचे सारे म्हणणे त्या कोऱ्या जागेविषयी आहे, कारण पर्यटनावर विसंबणाऱ्या बहुतेक विकसनशील देशांचे दुखणेही तिथेच आहे. पर्यटक आणावेत कसे, यावर सगळे बोलतात. ते येत नाहीत त्या दिवसांत पगार, हप्ते आणि देखभाल कोणी सोसायची, हे करारात किंवा धोरणात फार क्वचित लिहिलेले असते. आणि जे लिहिलेले नसते ते बहुधा ज्याच्यापाशी सर्वांत कमी असते त्याच्या अंगावर येते.

"पर्यटक दरवर्षी वाढतच आहेत" हे तुमचे वाक्य आजच्यापुरते खरे असेल, पण त्यावर २० वर्षांचे कर्ज उभारता येईल इतके ते भक्कम नाही. श्रीलंकेचे पाहा. २०१८ मध्ये तेथे २३ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते आणि दोन-तीन दशकांच्या यादवीनंतर देशाला अखेर स्थैर्य लाभले असे वाटत होते. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, २०२० मध्ये महासाथ आली, आणि त्यातून डोके वर काढतो न काढतो तोच २०२२ मध्ये परकीय चलन संपून पेट्रोलपंपांवर मैलभर रांगा लागल्या. वर्षाला २० लाखांचा टप्पा पुन्हा ओलांडायला २०२४ उजाडले. ज्याने २०१८ ची गर्दी पाहून खोल्या बांधल्या असतील, त्याने पुढची पाच-सहा वर्षे कशी काढली असतील याचा विचार करा. असा फटका बसायला संकट आपल्याच दारी यावे लागते असेही नाही. २०१४ मध्ये इबोलाची साथ पश्चिम आफ्रिकेतील गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत होती. तिथून हजारो किलोमीटर दूर असलेल्या केनिया आणि टांझानियातील सफारींची आरक्षणेही लोकांनी रद्द केली. दूरच्या ग्राहकाला नकाशावर अवघा आफ्रिका एकच दिसला. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटकांची नोंद झाली होती, आणि पुढच्याच वर्षी हा आकडा ७० टक्क्यांहून अधिक घसरला. श्रीमंत देशांनी त्या काळात हॉटेलांना आणि कामगारांना सरकारी तिजोरीतून आधार दिला. गरीब देशांच्या तिजोरीत त्यासाठी पुरेसे काही नव्हते. एकच वादळ दोघांवर आले, पण एकाच्या डोक्यावर छप्पर होते.

हे वाचून तुमचे बंधू म्हणतील, "बघ, मी हेच म्हणत होतो." त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मोठ्या कंपनीला रिकामे महिने सोसतात, कारण तिची हॉटेले दहा ठिकाणी असतात. एका ठिकाणचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून भरून निघतो. पण ही सहनशक्ती कंपनीची आहे, तुमच्या गावाची नाही. एखादे ठिकाण सलग दोन वर्षे तोट्यात गेले की कंपनीपुढे निघून जाण्याचा मार्ग खुला असतो. तुमच्या जमिनीपुढे तो नसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही जुनी ब्रिटिश प्रवास कंपनी कोसळली, तेव्हा पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशाला मोठा हादरा बसला, कारण तेथे येणाऱ्या युरोपीय पर्यटकांचा मोठा वाटा याच कंपनीच्या विमानांतून येत असे आणि हिवाळ्याचा मुख्य हंगाम अगदी तोंडावर आला होता. समुद्र तोच, किनारा तोच, माणसे तीच. दूरच्या एका शहरात एका कार्यालयाला कुलूप लागले आणि गांबियात खोल्या ओस पडल्या. याच गांबियाने १९९९ मध्ये राहणे, खाणे-पिणे सारे आगाऊ एकाच रकमेत देण्याच्या पद्धतीवर बंदी घातली होती. पर्यटक हॉटेलच्या फाटकाबाहेर पडत नाहीत आणि बाहेरच्या विक्रेत्यांना काहीच मिळत नाही, ही तक्रार त्यामागे होती. बंदी फार काळ टिकली नाही. प्रवास कंपन्या पर्यटक दुसऱ्या देशात वळवू शकत होत्या, आणि गांबियाला दुसरे पर्यटक लगोलग मिळणार नव्हते. तुमच्या बंधूंनी भाडेपट्ट्यावर सही करण्याआधी या प्रसंगाचा विचार करावा असे मला वाटते. वाटाघाटीत बळ कोणाचे, याचा तो चांगला धडा आहे.

आता सरकारविषयी. रस्ता, वीज, पाणी, कचरा या तुमच्या तक्रारी रास्त आहेत आणि त्यांतील एकीबाबतही मी सरकारचे समर्थन करणार नाही. मात्र रस्ता झाला की सारे सुरळीत होईल, हे गृहीतक जरा तपासून पाहा. चांगला रस्ता मुक्कामाला येणाऱ्यांना आणतो, तसाच तो सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांनाही आणतो. किंबहुना पूर्वी नाइलाजाने रात्र काढणारे पर्यटक रस्ता सुधारल्यावर त्याच दिवशी घरी जातात. मागे राहतो तो कचरा. दुसरे असे की, पर्यटनाच्या गावाला पाण्याची, सांडपाण्याची आणि विजेची व्यवस्था गर्दीच्या महिन्यांच्या मापाने उभारावी लागते आणि तिचा खर्च उरलेल्या महिन्यांतील मोजक्या रहिवाशांच्या करातून भागवावा लागतो. स्थानिक प्रशासनाचे घोडे बहुधा इथेच अडते, आणि प्रत्येक वेळी त्याचे कारण अनास्था हेच नसते.

व्यवस्था मागे आणि गर्दी पुढे, असे झाले की काय होते, याचे उदाहरण फिलिपिन्समधील बोराकाय बेटाचे आहे. तेथील सांडपाणी थेट समुद्रात जाऊ लागल्यावर सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ते बेटच सहा महिने पर्यटकांसाठी बंद केले. त्याच वर्षी जूनमध्ये थायलंडने माया बे हा उपसागर बंद केला. नौका आणि माणसांच्या रेट्याने तेथील प्रवाळ मोडून गेले होते, आणि तो पुन्हा उघडायला जानेवारी २०२२ उजाडले. दोन्ही निर्णय आवश्यक होते असेच माझे मत आहे. पण ज्यांनी तेथे कर्ज काढून खोल्या बांधल्या होत्या किंवा नौका घेतल्या होत्या, त्यांचे हप्ते कोणी बंद केले नव्हते. तुमच्या तलावाचे पाणी गावच पिते, असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा कंपनीच्या हॉटेलचे किंवा तुमच्या आठ खोल्यांचे सांडपाणी कोठे जाणार, हा प्रश्न पर्यावरणाचा आहेच, पण त्याआधी तो तुमच्या धंद्याच्या आयुष्याचा आहे. शोषखड्डा तलावापासून किती अंतरावर येईल, हे मोजल्याशिवाय एकही वीट रचू नका.

मग गर्दी टाळून थोडे, पण जास्त पैसे देणारे पर्यटक आणावेत, असेही काही जण सुचवतील. भूतानने हा मार्ग फार पूर्वीपासून धरला आहे. पण सप्टेंबर २०२२ मध्ये तेथे पर्यटकांकडून घेतले जाणारे दैनंदिन शुल्क ६५ डॉलरवरून २०० डॉलरवर नेले गेले आणि वर्षभरातच ते १०० डॉलरवर आणावे लागले. एका सार्वभौम देशालाही बाजारापुढे असे मागे-पुढे करावे लागले, तर "आमच्याकडे फक्त चांगले पर्यटक येतील" या भरवशावर तुम्ही किंवा तुमच्या बंधूंनी हिशेब मांडू नये.

तुमच्या हिशेबातील आणखी एक गोष्ट मला खटकली. उत्पन्नाच्या रकान्यात दहा ओळी आहेत आणि खर्चाच्या रकान्यात चारच. काही वर्षांपूर्वी अशाच एका लहान निवासाच्या मालकाशेजारी बसून मी त्यांच्या पावत्या चाळल्या होत्या. त्या बुटांच्या एका जुन्या खोक्यात होत्या, महिन्यागणिक रबर लावून ठेवलेल्या. पगारांखालोखाल सर्वांत जाड गठ्ठा जनरेटरच्या डिझेलचा होता. त्यानंतर पाण्याचे टँकर, मग ऑनलाइन आरक्षणाच्या कंपन्यांचे कमिशन, मग शहरातून आणलेल्या चादरी, टॉवेल, साबणाच्या इवल्या वड्या आणि नळाचे सुटे भाग. गावात भरलेल्या पैशाची पावती मला त्या खोक्यात शोधावी लागली. पर्यटकाने खोलीचे भाडे गावात मोजले होते खरे, पण ते पैसे दुसऱ्या दिवशीच्या टेम्पोने शहरात परत जात होते. अर्थशास्त्रज्ञ याला गळती म्हणतात. जो देश इंधन, यंत्रे, फर्निचर आणि व्यवस्थापकसुद्धा बाहेरून आणतो, त्याच्याकडे पर्यटनातून आलेल्या परकीय चलनाचा मोठा भाग आल्या वाटेने परत जातो. म्हणून मंत्र्यांच्या भाषणात पर्यटकांची संख्या ऐकली की मी मनात दुसराच प्रश्न विचारतो, आणि तुम्हीही तुमच्या निवासाबाबत तो विचारावा, असे सुचवतो. मिळालेल्या शंभरातले किती गावात उरतील? मोठ्या हॉटेलात एकूण रक्कम मोठी आणि उरणारा वाटा लहान असू शकतो. लहान घरगुती निवासात बहुधा त्याच्या उलट. तरीही लहान म्हणजे आपोआप गावाच्या फायद्याचे, असा समज करून घेऊ नका. त्या खोक्याचे मालकही लहानच होते.

तुमच्यासमोर दोनच पर्याय आहेत असे तुम्ही धरून चालला आहात, आणि माझा खरा मतभेद इथे आहे. नोकरी सोडून, सारी जमीन तारण ठेवून आठ खोल्या, किंवा सारी जमीन ३० वर्षांसाठी दुसऱ्याच्या ताब्यात. दोन्हींत एक साम्य आहे ते पाहा. दोन्हींत परतीचा रस्ता नाही. ज्या धंद्यात पुढच्या वर्षाचा भरवसा नसतो, त्यात परतता न येणारे पाऊल शेवटी टाकायचे असते. तुम्ही ते पहिलेच टाकायला निघाला आहात.

मालदीवमध्ये १९७२ पासून पर्यटन आहे, पण बराच काळ ते निर्जन बेटांवरील रिसॉर्टपुरते मर्यादित होते. २००९ च्या सुमारास नियम सैल झाल्यावर वस्ती असलेल्या बेटांवर सामान्य कुटुंबांनी आपल्या घरांत दोन-चार खोल्यांची अतिथिगृहे सुरू केली आणि त्यांची संख्या पुढे झपाट्याने वाढली. यातील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की घर आधीच होते. खोली रिकामी राहिली तरी ती घराचा भाग राहते. तुम्हीही असेच करून पाहा. सध्याच्या घराच्या दोन, फार तर तीन खोल्या शक्यतो स्वतःच्या बचतीतून नीट करा; तारण नको. त्यांत स्वच्छ शौचालय आणि अखंड पाणी या दोन गोष्टींवर सर्वाधिक खर्च करा, सजावटीवर सर्वांत कमी. नोकरी सोडू नका. नियमात बसत असेल तर बिनपगारी रजा घ्या, नसेल तर पहिला हंगाम सुटीच्या दिवसांपुरताच चालवा. दोन पूर्ण वर्षे, हंगामासह आणि हंगामाबाहेर, रोजची नोंद ठेवा: कोण आले, कोठून आले, कसे कळले, किती रात्री राहिले, किती खर्च गावात झाला. बँकेला कोणत्याही प्रकल्प अहवालापेक्षा ती वही अधिक पटते, आणि तुम्हालाही पटेल.

ऑनलाइन आरक्षणाच्या कंपन्या सुरुवातीला टाळता येणार नाहीत. अनोळखी ठिकाणाला ग्राहक तिथूनच मिळतो. मात्र त्यांचे कमिशन, रद्द झालेल्या आरक्षणाचा नियम आणि पैसे खात्यात जमा होण्याचा कालावधी हे तिन्ही आधी वाचा, आणि आलेला पाहुणा दुसऱ्यांदा थेट तुमच्याकडे यावा अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून करा. कामाला माणसे नेमाल तेव्हा एक अडचण हमखास येईल. शिकून तयार झालेली मुले-मुली दोन वर्षांत शहरातील हॉटेलांत जातील. त्यांना दोष देता येत नाही. तीन महिन्यांच्या हंगामी पगारावर कोणी आयुष्य उभे करत नाही. बारा महिने कमी, पण नियमित पगार देता येईल एवढीच माणसे घ्या. बाकी काम शेजाऱ्यांकडून कामापुरते करून घ्या.

शेजाऱ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. कचरा आणि पाणी ही कामे एकट्या घराच्या आवाक्यातली नाहीत. नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात १९८६ पासून चालणाऱ्या संवर्धन प्रकल्पात पदभ्रमण करणाऱ्यांकडून घेतलेले प्रवेशशुल्क त्याच भागातील कामांसाठी वापरण्याची पद्धत आहे. रवांडात गोरिला पाहण्याच्या परवान्यांतून आणि उद्यानांतील इतर पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा उद्यानांभोवतीच्या वस्त्यांना दिला जातो. २०१७ मध्ये तो ५ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आला. दोन्ही ठिकाणी वाद आहेत, वाटपाच्या तक्रारीही आहेत. पण हिस्सा नियमात लिहिलेला आहे, मेहेरबानीवर सोडलेला नाही. तलावापाशी वाहनतळाचे माफक शुल्क लावून ते कचरा उचलण्यासाठीच वापरावे, असा ठराव गावाच्या बैठकीत मांडता येईल. शिक्षिकेचे म्हणणे गाव ऐकून घेते. या बाबतीत तुमचे भांडवल तुम्ही समजता त्याहून मोठे आहे.

बंधूंचा प्रस्तावही सरसकट झिडकारू नका. घरातील एकाने सावधपणे वागावे ही त्यांची इच्छा चुकीची नाही, आणि त्यांना जमिनीतून नियमित उत्पन्न हवे असेल तर तो त्यांचा हक्क आहे. कंपनीला जमिनीचा काही भागच देऊ करा, ३० ऐवजी १० वर्षांसाठी, आणि नूतनीकरण दोघांच्या संमतीने. भाडे ठरावीक असावे आणि त्यावर उलाढालीचा काही टक्का असावा. केवळ नफ्यातील वाटा मान्य करू नका, कारण नफा कागदावर किती दाखवायचा हे हिशेब लिहिणाऱ्याच्या हातात असते. हॉटेल सलग किती महिने बंद राहिले तर जमीन परत मिळेल, अर्धवट बांधकाम कोणी हटवायचे, तलावाकडे जाण्याची गावाची वाट खुली राहील का, आणि कंपनीने हा भाडेपट्टा दुसऱ्या कोणाला विकला तर तुमची संमती लागेल का, ही चार कलमे तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून लिहून घ्या. कंपनीने सुचवलेला वकील नको. ही कलमे समोर ठेवल्यावर कंपनी वाटाघाटीला बसते की उठून जाते, यावरूनही तुम्हाला बरेच कळेल.

हे सारे बंधूंशी बोलाल तेव्हा तोच दोन पानी हिशेब मधे ठेवा, मात्र एक दुरुस्ती करून. कोपऱ्यातील पेन्सिलीच्या त्या शब्दांपुढे २७५ हा आकडा लिहा आणि त्या दिवसांचा खर्च प्रत्येक पर्यायात कोणाच्या खिशातून जाणार, त्याचे नाव लिहा: तुमचे, बंधूंचे, बँकेचे की कंपनीचे. तीन खोल्यांच्या पर्यायापुढे तुमचेच नाव येईल, पण रक्कम तुमच्या पगारातून भागण्याजोगी असेल. उरलेल्या दोन पर्यायांपुढचे नाव दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहून मग ताडून पाहा.